उतरयानाचं दार

बडोदे,
१६ जानेवारी २०२५

प्रिय हेरंबदादा,

सव्वा वर्षाने पत्र लिहितोय, माफ कर. कारखान्यात काम फार होतं असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. काम नेहमीइतकंच होतं. तुझं मागचं पत्र टेबलाच्या खणात होतं आणि तो खण मी रोज उघडत होतो. तू लिहिलं होतंस, "बाबा कसे आहेत ते नीट कळव." नीट म्हणजे किती, हे मला ठरवता येईना. म्हणून राहिलं.

आता नीट कळवतो. मामांची तब्येत ठीक आहे. अठ्ठ्याहत्तरीतही रोज सकाळी निजामपुऱ्यात चालून येतात. महिन्यातून एकदा माझ्या स्कूटरवर मागे बसून खंडेराव मार्केटला येतात, कारण निजामपुऱ्यातली वांगी त्यांच्या मते वांगी नव्हेत. परवा उत्तरायणाला आमच्या गच्चीवर आले होते. शेजारच्या पटेलकाकांनी तू कधी येणार ते विचारलं, "हेरंब क्यारे आवे छे?" तर म्हणाले, "त्याच्या पाठीला प्रवास सोसत नाही." मामींच्या तेराव्यानंतर तू दुसऱ्याच दिवशी रत्नागिरीला परत गेलास, त्याला सहा वर्षं झाली. मामा तुझ्याबद्दल मला कधी काही विचारत नाहीत. मी मात्र दर वेळी उत्तर तयार ठेवून जातो.

पत्राला दुसरंही कारण आहे, आणि ते लपवलं तर वरचं सगळं खोटं वाटेल. मी एक विज्ञानकथा लिहितोय. शनीच्या टायटन नावाच्या चंद्रावर खाणीत तीनशे माणसं ओलीस धरली आहेत. त्यांना सोडवायला पृथ्वीवरून पलटण गेली आहे. मोठं जहाज वर घिरट्या घालत राहतं आणि त्याच्या पोटातून चाळीस जवानांना घेऊन एक लहान यान खाली उतरतं. त्याला मी 'उतरयान' म्हटलंय. नाव ठेवलंय 'टिटवी', कारण हा पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. टायटनवर पाण्याची नाहीत, पण द्रव मिथेनची तळी आहेत, काळी आणि भयंकर थंड. टिटवी तशाच एका तळ्याच्या काठावर उतरते.

तू आठ वर्षं जवानांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या जहाजावर होतास. मी आयुष्यात फक्त बाजव्याजवळच्या कारखान्यात आग विझवायची नळकांडी तपासली आहेत. सोबत अकरा पानं पाठवतोय. चुका काढ. ९ फेब्रुवारीला आमच्या वाचन मंडळात वाचायची आहे, आणि पुण्याच्या एका संपादकांना मार्चअखेर हवी आहे.

पूर्णिमाचा तुला आणि रसिकावहिनींना नमस्कार.

तुझा,
सलील

---

रत्नागिरी,
२४ जानेवारी

सलील,

तुझी टिटवी वाचली. रसिकालाही वाचून दाखवली. ती म्हणाली, "सलीलभाऊजींनी यानात स्वयंपाकघर दिलंय, मोरी दिली नाही." मोरी दे.

चाळीस जण एसटीतल्यासारखे पुढे तोंड करून बसवलेस. असं नसतं. पाठ भिंतीला, तोंडं एकमेकांकडे, गुडघ्याला गुडघा. समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागू नये म्हणून सगळे बुटांकडे बघतात. तू त्यांना गाणं म्हणायला लावलंयस. कोणी गात नाही रे. पोटातलं बाहेर येऊ नये म्हणून सगळ्यांची तोंडं मिटलेली असतात. कोणीतरी आदल्या दिवशीच्या जेवणावर एक घाणेरडा विनोद करतो, तीन जण हसतात, आणि मग परत बूट.

पण दार! दार तू बाजूला दिलंस, बाहेर उघडणारं, त्यावर आडवी लाल दांडी, आतून कोणीही ढकललं की उघडावं असं. चाळीस माणसं नव्वद सेकंदांत बाहेर. रुंदी सूत्राने काढलीस ना? खरं सांग. हे तुझ्या कारखान्यातलं आग लागल्यावर पळायचं दार आहे. मी हसून हसून चहा सांडला.

आगीतून पळणाऱ्याला बाहेर काय आहे याची पर्वा नसते. उतरणाऱ्याचं उलट असतं. आत सगळं ठीक असतं, बाहेरचं माहीत नसतं. म्हणून ते दार आतल्या कोणालाही उघडता येता कामा नये. दार नाकाच्या टोकाला असतं. ते पुढे आडवं पडतं आणि त्याचाच उतार होतो. तो रॅम्प. तो पाडणारा एकच माणूस असतो. त्याला बाहेर बघायला हातभर झडप असते. बाकी कोणाला काही दिसत नाही. वरून हुकूम येतो, तो दांडा ओढतो, सगळे त्याच्या बाजूने धावत जातात. तो स्वतः कधीच उतरत नाही.

त्या माणसाला कथेत घे. बाकीचे चाळीस तुझ्याकडे आहेतच.

बाबांना सांग, पाठ ठीक आहे.

हेरंब

---

बडोदे,
२९ जानेवारी

प्रिय दादा,

रुंदी सूत्रानेच काढली होती. पूर्णिमाला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुम्ही देवळात गेलात तरी आधी बाहेर जायचे रस्ते मोजता." गेल्या रविवारी मोजले होते. तीन.

दार बदललं. चाळीस जणांना भिंतीला पाठ लावून बसवलं, मोरी दिली. दांडा ओढणाऱ्या माणसाचं नाव अमोघ ठेवलंय आणि हुद्दा 'द्वारपाल'. तो आला आणि पूर्वीची पानं मला निर्जीव वाटायला लागली. चाळीस जण उतरले, लढले, जिंकले, यात मला स्वतःलाच गोडी उरली नाही. डायरीत लिहिलं: मी यांना उतरवतोय, पण यांची काळजी मला वाटत नाही. अमोघची वाटते.

म्हणून एक विचारतो. वरून हुकूम आला आणि त्याने दांडा ओढलाच नाही, असं होऊ शकतं का? का होईल? यंत्र बिघडलं असं दाखवायचं नाहीये, ते फार सोपं आहे.

मामांना सर्दी आहे. फार नाही. तुझा निरोप सांगितला. "बरं" म्हणाले.

सलील

---

रत्नागिरी,
३ फेब्रुवारी

सलील,

'द्वारपाल' काढ. देऊळ नाही ते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तीन दिवस लिहितोय. फाडलेले कागद रसिकाने मोजले, पण विचारलं काही नाही. तिला माहीत आहे. तिच्याशिवाय कोणाला नाही.

होऊ शकतं. मी केलंय.

२०११चा डिसेंबर. सराव होता. पहाटेचा उजेड. माझ्यामागे एक ट्रक आणि बावन्न जवान. जहाजाने नाक वाळूत घातलं, थरथरलं, थांबलं. ठरल्यासारखंच. पण मला झडपेतून दिसलं की लाटा आमच्यापाशी फुटत नाहीयेत, पुढे फुटतायत. कधी कधी किनाऱ्याच्या अलीकडे पाण्याखाली वाळूचा बांध असतो. जहाज त्याच्यावर टेकतं आणि आपल्याला वाटतं किनारा आला. मधे खोल पाणी. रॅम्प पाडला की ट्रक सरळ त्यात. मी खोली मोजायची काठी खाली घातली, ती लाटेने हातातून नेली. दुसरी नव्हती. हुकूम आला. मी म्हणालो, "थांबा." परत आला. मी म्हणालो, "खोली कळत नाहीये, थांबा." नऊ मिनिटं. मग कप्तानांनी मागच्या नांगराने जहाज ओढून घेतलं आणि सराव तिथेच संपला.

नंतर कोणी मोजलं नाही. मोजून उपयोगही नव्हता, भरतीबरोबर वाळू हलते. कप्तान चांगले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुला जे दिसलं त्याप्रमाणे तू वागलास." विषय संपला. कोणी शिक्षा केली नाही, कोणी बोललं नाही. फक्त जेवताना एका जवानाने हसत विचारलं, "उस्ताद, दरवाज़ा जाम हो गया था क्या?" आणि मी म्हणालो, "हाँ यार, जाम हो गया था." सगळे हसले. मीही.

मला आजही माहीत नाही पाणी किती होतं. कदाचित गुडघाभर असेल. त्या दिवसापासून दांड्यावर माझा हात जड पडायला लागला. हुकूम आणि हात यांच्यात एक श्वास जाऊ लागला. अशा माणसाने तिथे उभं राहू नये. पुढच्या वर्षी मुदत संपली तेव्हा मी पुढे वाढवून घेतली नाही. घरी सांगितलं, पाठ. बाबांना, सत्तावीस वर्षं रेल्वेत गार्ड असलेल्या माणसाला, मी काय सांगणार होतो, की मी घाबरलो का शहाणपणा केला हे मलाच माहीत नाही?

तू विचारलंस म्हणून लिहिलं.

हेरंब

---

बडोदे,
१० फेब्रुवारी

प्रिय दादा,

हे पत्र वाचून तू रागावशील. रागावण्याआधी सगळं वाच, एवढंच म्हणतो. 'एवढंच' हेही खरं नाही. तू मला क्षमा करावीस असंही वाटतं.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. शनिवारी कथा पूर्ण केली. अमोघच्या झडपेतून मिथेनच्या लाटा पुढे फुटताना दिसतात. त्याची काठी वाहून जाते. तो नऊ मिनिटं दांडा ओढत नाही. नंतर जवान विचारतात, "काय उस्ताद, दार अडकलं का?" आणि तो "हो" म्हणून हसतो. पुढे दर वेळी दांडा ओढण्याआधी त्याचा एक श्वास जातो. तू 'विचारलंस म्हणून लिहिलं' असं लिहिलंस, आणि मी त्याचा अर्थ कथेसाठी लिहिलं असा घेतला. तो मला सोयीचा होता. फोन करून विचारता आलं असतं. मी केला नाही, कारण तू नको म्हणाला असतास.

रविवारी दांडिया बाजारातल्या शाळेच्या वर्गात वाचली. मामांना सर्दी होती, ते येणार नव्हते. ते येणार नाहीत म्हणूनच मला धीर झाला, हेही लिहून ठेवतो. सातव्या पानावर मान वर केली तर ते मागच्या बाकावर बसलेले, गळ्याला मफलर. रिक्षा करून आले होते. मी थांबलो नाही.

नऊ मिनिटांच्या जागी आलो तेव्हा रिफायनरीतला आमचा एक तरुण सभासद म्हणाला, "अरे भाई, दरवाजो तो खोल! घरी जेवायला वाट बघतायत." सगळे हसले. मंडळ चालवणाऱ्या मंदाकिनीताईंनी डोळे वटारले. विश्वंभरकाका, इतिहासाचे शिक्षक होते ते, त्यांना राहवेना.

"हा तुमचा अमोघ भ्यालाय, सरळ आहे. याला पलटणीत घेतला कोणी?"

"विश्वंभरराव, कथा तरी संपू द्या," मंदाकिनीताई म्हणाल्या.

"संपू द्या, पण भ्यालाय."

मग शेवट वाचला. मोठं जहाज वरून तळं मोजतं आणि खोली चाळीस फूट निघते. अमोघ बरोबर ठरतो. टाळ्या पडल्या. विश्वंभरकाका म्हणाले, "मग ठीक. शब्द मागे."

तेवढ्यात मागून मामांचा आवाज आला. "त्या माणसाकडे एकच काठी होती?"

"हो मामा. वाहून गेली."

"आणि नंतर कोणीतरी मोजलं."

"हो. शेवटी मोजतात ना. चाळीस फूट."

"कथेत," मामा म्हणाले.

कोणाला काही कळलं नाही. घरी येताना ते माझ्या स्कूटरवर मागे बसले. फाटकाशी उतरले, मफलर नीट केला आणि विचारलं, "हेरंबची पाठ कशी आहे रे?" सहा वर्षांत पहिल्यांदा विचारलं. माझ्याकडे तयार ठेवलेली सगळी उत्तरं गेली. "बरी आहे," म्हणालो. "हं. मग चांगलं," म्हणाले आणि फाटक लावून घेतलं.

त्यांनी कशावरून ओळखलं, तेही सांगतो. खोटं बोलताना अमोघ कानाची पाळी ओढतो. तुझ्या पत्रात ते नव्हतं. लिहिताना मला तू दिसत होतास आणि मी हात आवरला नाही. चूक सगळी माझी आहे. काय करू ते सांग.

सलील

---

रत्नागिरी,
१५ फेब्रुवारी

सलील,

मी तुला लिहिलं होतं, मंडळाला नाही.

ते सगळं काढून टाक. आणि बाबांशी या विषयावर बोलू नकोस.

हेरंब

---

बडोदे,
१९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

काढलं. अमोघ आता हुकूम येताच दांडा ओढतो. हस्तलिखिताच्या ज्या दोन प्रती होत्या त्यांतली ती पानं माझ्या हाताने फाडली. संपादकांना कळवलं की कथा देता येणार नाही. हे तुला चांगलं वाटावं म्हणून लिहीत नाही. त्या दाराशिवाय माझ्याकडे कथा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

बोलू नकोस म्हणालास. मी बोललो नाही, पण जे झालं ते न सांगणं म्हणजे पुन्हा लपवणं होईल. मामा सोमवारी सकाळी घरी आले आणि कथा वाचायला मागितली. मी म्हणालो, "ती पानं आता नाहीत." ते म्हणाले, "असू दे. मी ऐकलीय." मग पूर्णिमाकडून आल्याचा चहा घेतला आणि तुझा पत्ता मागितला, पिनकोडसकट. म्हणाले, "घरात फोन नंबर आहे, पत्ता नाही. बापाकडे पोराचा पत्ता नाही."

मी दिला. नाही म्हणायचा मला हक्क नव्हता, असं वाटलं. चुकत असेन तर तसं लिही. काल त्यांनी बंद पाकीट आणून दिलं आणि पोस्टात टाकायला सांगितलं. जाड आहे. आत काय आहे ते मला माहीत नाही. हे पत्र आणि ते एकाच वेळी टाकतोय. त्यांचं आधी वाच.

सलील

---

निजामपुरा, बडोदे
ता. १८-२-२०२५

चि. हेरंब यास अनेक आशीर्वाद.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही. नोकरीत रोज लिहिलं ते गाडी कुठे किती उशिरा, एवढंच. तेव्हा जमेल तसं वाच.

सलीलची गोष्ट ऐकली. त्यातलं शनीचं मला कळलं नाही. दारावरचा माणूस कळला. कानाची पाळी ओढून खोटं बोलणारा मला जगात एकच माणूस माहीत आहे. सलीलवर रागावू नकोस, तो आधीच स्वतःवर पुरेसा रागावतो.

पाठीचं मला कधी खरं वाटलं नाही. तुझ्या आईच्या तेराव्याला तू तिचं लोखंडी कपाट एकट्याने भिंतीपासून सरकवलंस. मी दारात उभा होतो. मग माझ्या मनात आलं की याने नोकरीत काहीतरी वाईट केलं असणार. भांडारात अफरातफर, नाहीतर दारू पिऊन कोणावर हात उचलला असेल. विचारलं तर तू खरं सांगशील आणि मग ते मला ऐकावं लागेल, म्हणून विचारलं नाही. लोकांना मीच पाठ सांगत राहिलो. इतकी वर्षं मी तुला चोर समजून तुझी अब्रू राखली. हे लिहिताना मला लाज वाटते, पण ते तुला माहीत असायला पाहिजे.

आता माझं ऐक. १९८७ साली पॅसेंजर घेऊन मियागाम स्टेशनात उभा होतो. सुटायची वेळ झाली, सिग्नल मिळाला. मधल्या एका डब्याखाली मला आवाज वेगळा लागला होता. मी हिरवा झेंडा दाखवला नाही. ड्रायव्हर शिट्टीवर शिट्टी देतोय, लोक डब्यांतून उतरून मला गुजरातीत आणि मराठीत शिव्या देतायत. एक बाई तर बायको रुसली का इथवर गेली, "ए भाई, तारी बायडी रिसाई गई छे के?" बावीस मिनिटं. डब्याखाली सगळं तपासलं. काही निघालं नाही. उशिराचा खुलासा मागितला, मी लिहून दिला: आवाज वेगळा वाटला. तुझ्या आईलासुद्धा सांगितलं नाही, कारण काही निघालंच नव्हतं. निघालं असतं तर साऱ्या गल्लीला सांगितलं असतं.

त्या गाडीत आठशे माणसं होती. मला शिव्या देत सगळी घरी गेली.

आवाज होता की नव्हता हे मला आजही माहीत नाही. त्यानंतर वीस वर्षं झेंडा धरला, आणि दर स्टेशनला हात उचलायच्या आधी मी एक श्वास थांबत होतो. मला वाटायचं हा माझ्यातला दोष आहे. सलीलने तुझ्या माणसाबद्दल तेच वाचलं तेव्हा मला कळलं की तो दोष मी तुला दिला. का गुण दिला, ते तू ठरव.

गुडघा दुखतो. बाकी ठीक.

तुझा,
बाबा

---

रत्नागिरी,
१ मार्च

सलील,

तुझ्यावरचा राग अजून पूर्ण गेलेला नाही. आधी ते सांगतो, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

बाबांचं पत्र आलं. मी ते कामावर, धक्क्यावर वाचलं. एका बार्जचा, सपाट मालवाहू नावेचा, रॅम्प दुरुस्तीला आलाय, त्याच्यावरच बसून. मग रसिकाने वाचलं. ती 'चोर' वाचून रडली आणि 'बायडी' वाचून हसली, आणि मग म्हणाली, "तुम्ही दोघं इतकी वर्षं एकमेकांना वाचवत होतात का?"

मी बाबांना फोन केला. पहिली दोन मिनिटं आम्ही गुडघ्यावर बोललो. मग ते म्हणाले, "लाटा पुढे फुटतायत हे तुला कसं कळलं ते मला नीट सांग." कोणीच कधी हे विचारलं नव्हतं रे. भ्यालास का, कोणाची चूक, हे लोक विचारतात. काय दिसलं, हे बाबांनी विचारलं. मी त्यांना फेसाचा रंग सांगितला, जहाज टेकल्यावरचा हादरा सांगितला. ते मधे मधे म्हणत होते, "हां. मग?" चाळीस मिनिटं.

आता तुझी कथा. पानं फाडलीस तरी तुझ्याकडे कच्चा खर्डा असणार, मी तुला ओळखतो. अमोघला परत दारावर उभा कर. माझी परवानगी आहे, आणि या वेळी ती लेखी आहे. पण दोन गोष्टी. एक, कान काढ. दोन, चाळीस फूट काढ. तू त्याला बरोबर ठरवून सोडवलंस. विश्वंभरकाकांनी शब्द मागे घेतला तो फुटांसाठी, अमोघसाठी नाही. खोली किती होती ते कोणालाही कळता कामा नये, तुलासुद्धा. मग बघ तो माणूस त्यांना कसा वाटतो.

तू 'कधी येतोस' असं विचारणार. मी आलो तर दोन दिवसांत काहीतरी कारण काढून निघेन. मला माझी सवय माहीत आहे. त्यापेक्षा त्यांनी इकडे यावं. मला त्यांना बार्जचा रॅम्प दाखवायचाय. दांडा त्यांच्या हातात द्यायचाय.

हे त्यांना मी सांगितलं नाही. तू सांग. या वेळी मंडळात नको, घरी जाऊन सांग.

हेरंब

---

बडोदे,
१० मार्च

प्रिय दादा,

घरी जाऊन सांगितलं. मामा पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "समुद्राजवळ घर आहे का त्याचं?" मी म्हणालो, "दहा मिनिटांवर." "उतार आहे का रस्त्याला? माझा गुडघा." मी म्हणालो, "थोडा आहे." "मग काठी न्यावी लागेल," म्हणाले आणि पान उलटलं. मला वाटलं विषय संपला. दुसऱ्या दिवशी गेलो तर पलंगावर दोन बंड्या, एक स्वेटर आणि नवे कापडी बूट मांडून ठेवलेले. रत्नागिरीत मार्चमध्ये स्वेटर कशाला, असं विचारलं. म्हणाले, "समुद्राचा वारा असतो. तू काय सांगतोस मला."

खर्डा होता. तू ओळखलंस याची थोडी शरम वाटली. कथा पुन्हा लिहिली. कान काढला, फूट काढले. शेवट आता असा आहे:

"टिटवी वर उचलली गेली. झडपेतून अमोघला खालचं काळं तळं एकदा सबंध दिसलं. त्याच्यावर कुठे खूण नव्हती. बारा मैल पुढे कोरड्या खडकावर ती पुन्हा टेकली, आणि या वेळी त्याने एक श्वास घेऊन दांडा ओढला. चाळीस जण त्याच्या बाजूने धावत गेले. कोणाचा तरी कोपर त्याला लागला. खाणीपर्यंत चालायला त्यांना सबंध दिवस लागणार होता. झडप उघडी ठेवून तो त्यांची वाट बघत बसला."

ते पोचतात आणि खाणीतली माणसं जिवंत असतात, हे मी ठेवलंय. ते तू काढायला सांगितलं नव्हतंस, आणि मला ते हवं आहे. हे मऊपणाचं लक्षण आहे का, असं डायरीत विचारलं. असेल. राहू दे.

काल मंडळात वाचली. मामा पहिल्या बाकावर होते. वाचून झाल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग विश्वंभरकाका चिडले. "अहो, पण पाणी किती होतं? मागच्या वेळी चाळीस फूट होतं, ते कुठे गेलं?"

"पाणी नाही काका, मिथेन," रिफायनरीवाला म्हणाला.

"जे काय असेल ते! आता मी रात्रभर विचार करत बसायचा का, हा भ्याला की नाही म्हणून?"

मंदाकिनीताई म्हणाल्या, "विश्वंभरराव, एका रात्रीने काय होतंय?" मामा मोठ्याने हसले. त्यांना असं हसताना मी मामी असतानाच शेवटचं ऐकलं होतं. मग ते काकांकडे वळून म्हणाले, "माझा मुलगा अशाच जहाजावर दाराशी होता. त्याला विचारतो तुमच्या वतीने. मी जाणारच आहे." सगळ्यांच्या देखत म्हणाले. कोणी पाठीची चौकशी केली नाही, आणि त्यांनीही ती सांगितली नाही.

कथा आज सकाळी संपादकांना पाठवली. नकार कळवल्यावर पुन्हा पाठवतोय, तर ते घेतीलच असं नाही. सोबतच्या पत्रात लिहिलं की यातला दारावरचा प्रसंग एका माणसाने मला सांगितला आहे आणि त्याच्या परवानगीने तो वापरला आहे. नाव दिलं नाही. द्यायचं असेल तर कळव.

तुझा राग किती उरलाय ते विचारणार नाही. उरला असेल तेवढा मामांबरोबर पाठवता येणार नाही, त्यासाठी मलाच यावं लागेल. येईन.

तुझा,
सलील

ता. क. डायरीत उद्याच्या पानावर एकच ओळ लिहिली आहे, ती इथेही उतरवतो: मामांचा रेल्वेचा पास घेऊन आरक्षणाच्या खिडकीवर जाणे, रत्नागिरी, खालचा बर्थ, फक्त जायचं. परतीचं मामा म्हणतात, नंतर बघू.